बरणीतला समुद्र

"सर, वाफेत तर मीठ नसते. मंग समुद्राकडची हवा खारट काहून?" आठवीतल्या एका पोरीनं विचारलं आणि माझा धडा तिथंच अडकला. आमचा तालुका दर्यापूर. नावात दर्या आहे, पण लाट पाहायची तर मुंबईपर्यंत रात्रभर गाडीत बसा. खाऱ्या पाण्याशी मात्र जन्माची ओळख. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यावर वरणही धड शिजत नाही.

उत्तर लाटा फुटताना होणाऱ्या बुडबुड्यांत आहे, आणि ते वर्गात दाखवता येतं.

साहित्य: काचेच्या दोन बरण्या, फिश टँकचा एअर पंप, त्याचा बुडबुडे सोडणारा दगड, काचपट्ट्या, भिंग, टॉर्च, काळा कागद. पाणी बोअरचं नको, त्यात आधीच नाना क्षार असतात. कॅनचं आरओ पाणी घ्या. लिटरला ३५ ग्रॅम खडे मीठ घाला, समुद्राचा खारेपणा साधारण तेवढाच. बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही मिसळलेलं असतं, त्यानं पाणी गढूळ होतं.

बरण्या लोणच्याच्या असतील तर तीनदा घासा आणि साबण पूर्ण जाईपर्यंत विसळा. माझ्या पहिल्या खेपेला साध्या मीठपाण्यानंच भरपूर फेस धरला. तासभर डोकं खाजवल्यावर नाकाला आंब्याच्या लोणच्याचा वास आला.

पहिल्या बरणीत फक्त मीठपाणी. दुसरीत तेच, वर ढोरांच्या टाक्यातलं दोन चमचे हिरवं शेवाळ खलबत्त्यात कुटून. कुटायचं अशासाठी की समुद्रातही सूक्ष्म वनस्पती मरतात, खाल्ल्या जातात, विषाणूंनी फुटतात, तेव्हा त्यांच्या आतली चरबी, प्रथिनं आणि चिकट शर्करा पाण्यात येतात. यातलं बरंचसं वर येऊन पृष्ठभागावर पातळ थर धरतं. दुधावर साय येते ना, तसंच. पण ही साय डोळ्याला सहसा दिसत नाही.

आता पंप लावा. मागे काळा कागद धरा, बाजूनं टॉर्च मारा आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणा. बुडबुडा वर येतो, क्षणभर टोपी घालून बसतो आणि फुटतो. टोपीच्या चिंध्यांचे अतिबारीक थेंब होतात. मग उरलेला खळगा बुजताना मधून पाण्याची सुई उसळते आणि तिच्या टोकाचे थेंब वर उडतात. सोड्याच्या ग्लासाला तोंड लावलं की नाकाला गुदगुल्या होतात, त्या यांच्याच. प्रकाशात नाचताना दिसतात तेही हेच. फार जवळ जाऊन श्वास घेऊ नका, थेंबांबरोबर जिवाणूही उडतात.

पाण्यापासून तीन-चार सेंटीमीटरवर काचपट्टी आडवी धरा, प्रत्येक बरणीवर पाच मिनिटं, आणि वाळू द्या. हे ऑगस्टमध्ये करू नका. मी केलं, थेंब दुसऱ्या दिवशीही ओलेच. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं; पावसाळ्यात मिठाच्या डब्याला पाणी सुटतं ते यामुळेच. ढगाच्या थेंबालाही धरायला असाच कण लागतो. एप्रिलमध्ये मात्र पट्टी बघता बघता वाळते.

भिंगाखाली पहिल्या पट्टीवर मिठाचे चौकोनी खडे दिसतील. दुसरीवर खडे बारीक, कुठे पिसासारखे फुटलेले, भोवती धुरकट कडा. मीठ तेच, पंप तोच. फरक टाक्यातल्या हिरवळीचा. दुसऱ्या बरणीत बुडबुडे जास्त वेळ टिकतात, हेही मुलांना मोजायला लावा.

एक गोष्ट मुलांपासून लपवू नका. आपल्या पट्टीवर येतात ते मोठे थेंब. जैविक माल जास्त भरलेले कण बहुधा एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान असतात आणि भिंगाला दिसत नाहीत. आयर्लंडच्या किनाऱ्यावर मेस हेड या हवा तपासणाऱ्या केंद्रावर ते मोजले गेले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार अशा बारीक कणांत सेंद्रिय भाग हिवाळ्यात १५ टक्के होता, तर समुद्रात सूक्ष्म वनस्पतींचा बहर असताना ६३ टक्के. अमेरिकेत स्क्रिप्स या समुद्रशास्त्र संस्थेत तर ३३ मीटर लांबीच्या काचेच्या हौदात समुद्राचं पाणी भरून खऱ्या लाटा फोडतात. आपल्याकडे पंपावर भागवायचं.

दुसरी बरणी लगेच फेकू नका. रोज एक पट्टी घ्या, तारीख टाका. जिवाणू चरबी-प्रथिनं तोडू लागतात तसा फेस बदलतो आणि पट्टीवरचा डागही. समुद्रातही नुसता बहर किती मोठा यावर नाही, त्यात कोण काय खातंय यावरही थेंबातला माल ठरतो. चौथ्या दिवशी वास असह्य झाला तेव्हा आमच्या शिपाईमामांनी बरणी उचलून कडुलिंबाच्या आळ्याकडे नेली, आणि तीच पोरगी मागं धावली: "मामा, झाडाले नोका टाकू, खारं हाये ते!"