मोठ्या संस्थांची आयटी यंत्रणा: कोटेशन मागवण्याआधी होणाऱ्या या चुका टाळा

चाकणचा कारखाना असो, शहरातली सहकारी बँक असो की अनेक शाखांचे रुग्णालय, नवी आयटी यंत्रणा घ्यायचे ठरले की बहुतेक ठिकाणी पहिले काम होते ते तीन विक्रेत्यांकडून कोटेशन मागवण्याचे. किती कोअर (प्रोसेसरमधील गणन-एकक) आणि किती टीबी (टेराबाइट, साठवणुकीचे माप) हवेत, या प्रश्नाला संस्थेकडे मोजून काढलेले उत्तर नसते. मग विक्रेताच एक आकडा सुचवतो आणि पुढे निविदेत तोच आकडा ‘गरज’ म्हणून छापला जातो. सगळी गडबड इथूनच सुरू होते, आणि खरेदी विभागाने नंतर कितीही घासाघीस केली तरी ती निस्तरत नाही.

म्हणून आधी मोजमाप करावे. चालू सर्व्हरवरील प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कवरील वाचन-लेखन यांचा भार किमान महिनाभर, आणि त्यात महिनाअखेर येईल अशा बेताने, नोंदवावा. कारण लेखा विभागाचा हिशेब, पगारपत्रक आणि रात्रीचा बॅकअप एकाच वेळी चालू असताना जो भार येतो त्यावरच क्षमता ठरवायची असते. सरासरी पाहून घेतलेले स्टोरेज पहिल्याच मार्चअखेरीस गुडघे टेकते. शिवाय विक्रेत्याच्या कागदावरचे 100 टीबी दशमान पद्धतीने मोजलेले असतात. विंडोज 1024 च्या पटीत मोजते, म्हणून तिथे तेच सुमारे 91 दिसतात आणि त्यातून रेडचा (एखादी डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा यासाठीच्या रचनेचा) वाटा व राखीव डिस्क वजा होतात. निविदेत ‘वापरण्याजोगी क्षमता’ असे स्पष्ट लिहिले नाही, तर ऐन वेळी विक्रेता हात वर करतो, आणि कागदोपत्री तो बरोबरही असतो.

परवान्यांचा हिशेब हार्डवेअरनंतर करणे ही दुसरी महाग चूक. अनेक डेटाबेस आणि व्हर्च्युअलायझेशन (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या) सॉफ्टवेअरचे शुल्क कोअरवर आकारले जाते, त्यामुळे स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले जास्तीचे कोअर दरवर्षी बिल वाढवत राहतात. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरची कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून केवळ वर्गणीची पद्धत ठेवली. जुन्या परवान्यांवर पाच वर्षांचे अंदाजपत्रक बेतलेल्या संस्थांना ते नव्याने मांडावे लागले. एखाद्या उत्पादनातून बाहेर पडायचे झाल्यास किती खर्च आणि किती महिने लागतील, हे खरेदीच्या टिपणीतच लिहिलेले असावे.

पुण्यात सर्वाधिक फसगत होते ती ‘दोन लाइन आहेत’ या समाधानामुळे. एका कारखान्याने दोन वेगवेगळ्या कंपन्यांची फायबर घेतली होती, पण दोघींनीही फाटकाबाहेरचा शेवटचा टप्पा एकाच तिसऱ्या कंपनीच्या डक्टमधून (जमिनीखालच्या केबलच्या नळीतून) नेला होता. रस्त्याच्या खोदाईत जेसीबीचा एक घाव बसला आणि दोन्ही बंद पडल्या. यावर उपाय म्हणजे दोन्ही कंपन्यांकडून मार्गाचा नकाशा लेखी मागावा, शेवटचा किलोमीटर स्वतः चालून पाहावा, आणि आवारात प्रवेशाच्या दोन वेगळ्या बाजू मिळत नसतील तर एक जोडणी वायरलेस ठेवावी. हाच प्रकार रॅकच्या (सर्व्हर बसवायच्या कपाटाच्या) मागे दिसतो. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, परंतु केबल आखूड पडली म्हणून दोन्ही पिना विजेच्या एकाच पट्टीत खोचलेल्या असतात. गुरुवारी महावितरणच्या देखभालीसाठी वीज जाते हे इथे सर्वांना ठाऊक असते, तरी त्या दिवशी एकेक पट्टी मुद्दाम बंद करून पाहणारे थोडेच. नियोजित सुट्टीत ही चाचणी घ्यावी.

वीज आणि उष्णता यांचा हिशेब तर साधा अंकगणिताचा आहे. 0.8 पॉवर फॅक्टरच्या (केव्हीएला ज्याने गुणले की किलोवॅट मिळतात त्या गुणकाच्या) 100 केव्हीए यूपीएसमधून 80 किलोवॅटच मिळतात, आणि एक टन एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो. एनव्हिडियाचा डीजीएक्स एच100 हा एआयसाठीचा एकच सर्व्हर कमाल 10.2 किलोवॅट घेतो. पाच किलोवॅटच्या हिशेबाने बांधलेल्या रॅकमध्ये तो बसेल, पण चालणार नाही. जनरेटर आणि पॅनेल तळघरात ठेवण्याआधी पुण्यातला सप्टेंबर 2019 मधला आंबिल ओढ्याचा पूर आणि जुलै 2024 मध्ये एकतानगरीत शिरलेले पाणी आठवावे.

मूळ यंत्रणा बंद पडल्यास काम सांभाळणाऱ्या आपत्कालीन केंद्राबाबतही नकाशा पाहावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेचे ‘सेंट्रल इंडिया’ हे क्षेत्र पुण्यातच आहे, तेव्हा हिंजवडीतल्या संस्थेने मूळ यंत्रणा कार्यालयात आणि पर्यायी त्या क्षेत्रात ठेवली तर दोन्ही एकाच शहरात राहतात. दुसरे केंद्र मुंबईला नेले तर अंतर वाढते, पण फायबरमध्ये प्रकाशाला दर किलोमीटरला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. दीडशे किलोमीटरच्या जाण्या-येण्यात किमान दीड मिलिसेकंद जातो आणि दुसऱ्या केंद्रात तत्क्षणी प्रत ठेवायची असेल तर तो प्रत्येक लेखनाला भोवतो. किती मिनिटांचा डेटा गमावलेला चालेल, हे आयटी विभागाने नव्हे, व्यवसाय सांभाळणाऱ्यांनी लेखी ठरवावे.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार 180 दिवसांचे लॉग (यंत्रणेतील घडामोडींच्या नोंदी) देशात ठेवावे लागतात, आणि स्टोरेजच्या आकड्यात ते बहुधा धरलेलेच नसतात.

ज्यांची खरेदी आधीच होऊन गेली आहे, त्यांनी ‘बॅकअप यशस्वी’ या रोजच्या ईमेलवर विसंबून न राहता सर्वांत मोठा डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर परत उभा करून त्याला लागणारा वेळ मोजावा. तो व्यवस्थापनाने मान्य केलेल्या मुदतीत बसत नसेल, तर पुढच्या अंदाजपत्रकात नव्या सर्व्हरच्या आधी बॅकअपच्या यंत्रणेसाठी पैसे मागावेत.