मुलांसोबत घरची भाजी पिकवताना या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले मोकळी असतात, म्हणून भाजी लावण्याचा मुहूर्त एप्रिल-मेमध्ये काढायचा, ही नागपुरातील सर्वांत नेमाने होणारी चूक आहे. पारा ४५ अंशांवर गेला की गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतील मातीला हात लावता येत नाही. त्या उष्णतेत पालक आणि कोथिंबीर धड उगवत नाहीत, आणि टमाटरला फुले आली तरी दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या बरेच पुढे राहिल्यास ती फळ न धरताच गळतात. मग मुले समजतात की आपल्या हाताला गुण नाही. सुट्टीत माती चाळावी, खत मिसळावे, कुंड्यांना छिद्रे पाडावीत. पाऊस स्थिरावल्यावर भेंडी, गवार, चवळी लावावी आणि पालक-टमाटर ऑक्टोबरसाठी राखून ठेवावेत. ज्यांना टमाटर लागेपर्यंत धीर नाही, त्यांनी त्याच ऑक्टोबरात मेथी पेरावी. ती आठवड्याच्या आत उगवते आणि महिनाभरात ताटात येते.

दुसरी चूक पाण्याची. आमच्या शेजारच्या इमारतीत एका वांग्याच्या रोपाला सकाळी आजी, शाळेतून आल्यावर दोन्ही नातवंडे आणि रात्री त्यांचे बाबा, असे सगळेच पाणी घालत होते आणि कोणी कोणाला विचारत नव्हते. पाने मलूल झाली तेव्हा रोप तहानले आहे असे ठरवून पाणी वाढवण्यात आले, वर मूठभर युरियाही पडला. अखेर मला बोलावले, तेव्हा मी कुंडी उलटी केली: तळाचे छिद्र चिकणमातीने बुजलेले, मुळे तपकिरी, लिबलिबीत आणि कुबट वासाची. ओल्या मातीत पाने मलूल दिसली तर पाणी कमी नाही, जास्त झालेले असते. माझा शिरस्ता असा की एका कुंडीचा मालक एकच मूल, आणि त्याने दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घालून पाहायचे. बोटाला ओल लागली तर पाण्याचा मग जागेवरच राहील, मूल रुसले तरी.

गावाकडच्या शेतातील काळी माती कौतुकाने पोत्यात भरून आणणाऱ्यांनी ती नुसतीच कुंडीत भरू नये, कारण ती ओली असताना घट्ट बसते आणि वाळली की भेगाळते. मी माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घेतो.

धने पेरण्यापूर्वी हलके रगडून त्यांच्या दोन फोडी कराव्यात. उगवले की नाही हे पाहण्यासाठी मुले बी उकरणारच, तेव्हा त्यांना काचेच्या ग्लासात ओल्या कापसावर चवळीचे दाणे वेगळे ठेवून द्यावेत. मुलांचे हात लागतात तिथे रासायनिक फवारा नकोच. मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) दिसल्यास पानांच्या खालच्या बाजूला साध्या पाण्याचा जोरदार फवारा बहुधा पुरतो.

राहिले संत्रे. खाल्लेल्या फळाची बी कुंडीत लावून पुढच्या वर्षी फळाची वाट पाहायला मुलांना सांगणे ही शुद्ध फसवणूक आहे. बियांपासूनचे झाड फळावर यायला सात-आठ वर्षेही घेते, तर जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर (मुळे देणाऱ्या रोपावर) संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटणारी कळी, बसवलेले कलम साधारण चार-पाच वर्षांत फळ देते, आणि त्यालाही कुंडीपेक्षा अंगणातली जागा मानवते. अंगण नसेल तर कुंडीत लिंबाचे कलम लावावे.