ब्रेकमध्ये जाहिरातीची जागा कशी ठरते : ट्रॅफिक विभागात येणाऱ्यांसाठी

एका मराठी मनोरंजन वाहिनीच्या ट्रॅफिक विभागात मी अकरा वर्षांपूर्वी रुजू झाले. विक्री विभागाने विकलेला जाहिरातीचा प्रत्येक सेकंद ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेत, योग्य त्या ब्रेकमध्ये नेऊन बसवायचा आणि तो प्रत्यक्ष प्रक्षेपित झाल्याचा पुरावा जाहिरातदाराला द्यायचा, हे या विभागाचे काम. त्यातले बसवण्याचे काम आता शेड्युलिंगचे सॉफ्टवेअर काही मिनिटांत करते, त्यामुळे ‘ऑटो’चे बटण दाबले की आपली जबाबदारी संपली, अशी नव्याने येणाऱ्या मुलामुलींची समजूत होते. माझीही झाली होती. त्या बटणामागे काय घडते हे पहिली दोन वर्षे मला कोणी नीट सांगितले नाही, आणि ते न कळल्यामुळे झालेल्या चुका वाहिनीला महागात पडल्या. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सॉफ्टवेअरला दोन बाजूंनी माहिती मिळते. एका बाजूला एफपीसी, म्हणजे आठवड्याचा कार्यक्रम-तक्ता असतो. कोणत्या मालिकेचा भाग किती वाजता आहे, त्यात किती ब्रेक आहेत आणि प्रत्येक ब्रेक किती सेकंदांचा आहे, हे त्यातून कळते. दुसऱ्या बाजूला रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरातींची मागणीपत्रे असतात, ज्यांना कार्यालयात सगळे आरओच म्हणतात. आरओवर जाहिरातदार, उत्पादन, जाहिरातीचे कॅप्शन (म्हणजे तिची कोणती आवृत्ती लावायची), तिची लांबी, मोहिमेच्या तारखा, वार, टाइम बँड, स्पॉटची (म्हणजे जाहिरात एकेकदा लागण्याची) संख्या, दहा सेकंदांचा दर आणि स्पॉट पैसे मोजून घेतलेला आहे की बोनस, हे सारे लिहिलेले असते. समजा, एका मसाला कंपनीने सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी ७ ते रात्री १० या बँडमध्ये, ३० सेकंदांचे ४० स्पॉट चार आठवड्यांसाठी घेतले, तर वीस दिवसांत ४०, म्हणजे दिवसाला दोन स्पॉट लावायचे. आरओ पंच करणारी व्यक्ती हे सगळे भरते आणि नवीन माणसाची सुरुवात बहुतेक याच कामाने होते. ते कंटाळवाणे वाटते खरे, पण सॉफ्टवेअरला दुसरे काहीच दिसत नसते. जे भरले तेवढेच त्याचे जग.

बटण दाबल्यावर आधी क्रम लागतो. घर लावताना कपाट आणि पलंग यांची जागा पहिल्यांदा ठरवतात, स्टूल-खुर्च्या उरलेल्या जागेत कुठेही सामावतात. इथेही तसेच चालते. ज्या स्पॉटला जागेचे पर्याय सर्वांत कमी, तो सर्वांत आधी बसतो. प्रायोजकाचे स्पॉट त्याच मालिकेत लागायला हवेत, म्हणून ते पहिले. मग ‘ब्रेकमधला पहिला’ किंवा ‘शेवटचा’ अशी जागा जास्त पैसे देऊन घेतलेले स्पॉट, मग अर्ध्या-एक तासाच्या अरुंद बँडचे, मग रुंद बँडचे आणि सर्वांत शेवटी दिवसभरात कुठेही चालणारे व बोनसचे. एका पातळीवरच्या दोन स्पॉटमध्ये एकच जागा असेल, तर सहसा जास्त दराचा स्पॉट ती घेतो. ब्रेक भरल्यानंतर वरच्या प्राधान्याचा आरओ आला, तर सॉफ्टवेअर खालच्या प्राधान्याचा स्पॉट उचलून दुसरीकडे हलवते. बोनस स्पॉट असा कितीही वेळा हलला तरी चालते, मात्र तो गळून पडता कामा नये, कारण तोही सौद्याचा भाग असतो आणि मोहिमेच्या शेवटी जाहिरात संस्था तो मोजून घेते.

यानंतर प्रश्न येतो सेकंदांच्या हिशेबाचा. तो मला अजूनही सर्वांत रंजक वाटतो. एका ब्रेकमध्ये ९० सेकंद मोकळे आहेत आणि रांगेत ४०, ३५, ३०, ३० आणि ३० सेकंदांचे पाच स्पॉट आहेत, असे धरा. मोठा स्पॉट आधी, या सरळ नियमाने ४० आणि ३५ बसतात, ७५ सेकंद होतात आणि उरलेल्या १५ सेकंदांत कोणीच मावत नाही. तेच ३० चे तिन्ही स्पॉट घेतले असते, तर ब्रेक काठोकाठ भरला असता. चांगली सॉफ्टवेअर पहिल्या फेरीनंतर अशा अदलाबदलीची दुसरी फेरी घेतात, पण ती फेरी किती खोल जावी हे सेटिंगमध्ये ठरवलेले असते. ती बंद असेल, तर ते पंधरा सेकंद प्रोमोने भरले जातात, पडद्यावर काहीच चुकल्यासारखे दिसत नाही आणि विकता येण्याजोगी वेळ रोज थोडी थोडी वाया जाते. आमच्याकडे ती फेरी बरेच महिने बंद होती. संध्याकाळच्या ब्रेकमध्ये प्रोमो एवढे का दिसतात, असे एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी विचारले आणि मी पहिल्यांदा सेटिंगचे पान उघडून पाहिले.

आता अंतराचा नियम. एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन उत्पादने एका ब्रेकमध्ये येऊ नयेत, यासाठी प्रत्येक उत्पादनाला एक गट दिलेला असतो आणि सॉफ्टवेअर केवळ तो गट पाहते. जाहिरातीत काय दाखवले आहे, हे त्याला कळत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका मसाल्याचा आरओ ‘खाद्यपदार्थ’ या मोठ्या गटात टाकला, तर दुसऱ्या कंपनीचा मसाला आधीच ‘मसाले’ या पोटगटात होता. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. रात्री आठच्या मालिकेच्या पहिल्या ब्रेकमध्ये दोन्ही जाहिराती पाठोपाठ लागल्या. एकीत आमटीला फोडणी पडत होती आणि ती संपताच दुसरीत मिसळीवर तर्री ओतली जात होती. दुसऱ्या दिवशी दहा वाजायच्या आत दोन्ही जाहिरात संस्थांचे फोन आले आणि दोघांनाही मेक-गुड, म्हणजे भरपाईचे स्पॉट, द्यावे लागले. तेव्हापासून गट भरण्यापूर्वी त्या वर्गातले आधीचे जाहिरातदार कुठे टाकले आहेत, हे मी शोधून पाहते, आणि हे काम शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी तेच करायला लावते.

गटांच्या जोडीला आणखी काही अंतरे असतात: एकाच जाहिरातदाराच्या दोन स्पॉटमध्ये किती मिनिटे असावीत, त्याचे दोन वेगळे ब्रँड एका ब्रेकमध्ये चालतील का, वगैरे. याला एक मुद्दाम केलेला अपवाद आहे. काही जाहिरातदार ब्रेकच्या सुरुवातीला ३० सेकंदांची जाहिरात आणि त्याच ब्रेकच्या शेवटी तिचीच १० सेकंदांची आठवण मागतात. हे दोन स्पॉट एकमेकांशी जोडून पंच केले नाहीत, तर अंतराचा नियम त्यातला एक बाहेर फेकतो.

कायद्याची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये पक्की बसवलेली असते, पण तीही समजून घ्यावी. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील नियम ७(११) प्रमाणे तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत. त्यात व्यावसायिक जाहिराती १० मिनिटांपर्यंत आणि वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीची वेळ २ मिनिटांपर्यंत धरलेली आहे. ट्रायच्या (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या विनियमांत २०१३ मध्ये दुरुस्ती झाली आणि तिच्यानुसार हा तास घड्याळाचा मोजायचा, म्हणजे ७ ते ८, ८ ते ९ असा. अडचण येते ती तासाच्या उंबरठ्यावर. ७ वाजून ५८ मिनिटांनी सुरू होणारा चार मिनिटांचा ब्रेक अर्धा या तासाचा आणि अर्धा पुढच्या तासाचा. काही सॉफ्टवेअर तो पूर्ण ब्रेक सुरुवातीच्या तासात मोजतात, काही प्रत्येक स्पॉटची वेळ स्वतंत्र पाहतात. आपले सॉफ्टवेअर यातले काय करते, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

रोटेशनबद्दल थोडक्यात. आपला स्पॉट रोज त्याच ब्रेकमध्ये लागावा, असे जाहिरातदाराला नको असते, कारण मग त्याच प्रेक्षकांना तो पुनःपुन्हा दिसतो. म्हणून सॉफ्टवेअर आठवडाभरात त्याला वेगवेगळे ब्रेक आणि ब्रेकमधल्या वेगवेगळ्या जागा देते. मोहिमेची दोन-तीन कॅप्शन असतील, तर तीही ठरलेल्या प्रमाणात आलटून पालटून लावते. इथे कॅप्शनची अखेरची तारीख भरायला विसरू नका. सराफाची पाडव्याची सवलत पाडवा उलटून गेल्यावर पडद्यावर दिसली, तर ग्राहक दुकानात जाऊन भांडतो आणि सराफ वाहिनीकडे येतो.

एवढे झाल्यावर सॉफ्टवेअर एक यादी देते: न लागलेल्या स्पॉटची. माझ्या मते ट्रॅफिकच्या माणसाचे खरे काम इथे सुरू होते. प्रत्येक स्पॉटसमोर कारण लिहिलेले असते: बँडमध्ये जागा नाही, स्पर्धक ब्रेकमध्ये आहे, जाहिरातीची फाइल आलेली नाही, कॅप्शनची मुदत संपली आहे. गणपती ते दिवाळी या काळात ही यादी लांबच लांब होते, आणि तेव्हा नियम बाजूला सारून स्पॉट हाताने कोंबण्याचा मोह होतो. तो टाळावा. ‘जागा नाही’ हे कारण असेल तर विक्री विभागाला विचारून बँड रुंद करून घ्यावा किंवा तारीख पुढे न्यावी आणि तसा लेखी मेल मागून घ्यावा. फोनवरच्या ‘टाकून दे, मी बघतो’ या वाक्याचा बिलाच्या वेळी काहीही उपयोग होत नाही.

लागलेल्या यादीचीही हमी नसते, कारण सॉफ्टवेअर नियोजित वेळ धरून चालते आणि प्रक्षेपण मागेपुढे सरकते. मालिकेचा भाग दीड मिनिट लांबला आणि ९ वाजून ५८ मिनिटांनी असलेला ब्रेक त्यामुळे सरकला, तर दहापर्यंतच्या बँडचा स्पॉट १० वाजून ४० सेकंदांनी लागतो. प्रेक्षकाला फरक कळत नाही, पण जाहिरात संस्था तो स्पॉट बँडबाहेरचा ठरवून त्याचे पैसे कापू शकते. म्हणून बँडच्या शेवटच्या ब्रेकमध्ये आम्ही फक्त रुंद बँडचे स्पॉट राहू देतो. लांबीचेही तसेच. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम असतात, आणि ३० सेकंदांची म्हणून आलेली फाइल दहा-बारा फ्रेमनी जास्त भरली, तर अशा पाच-सहा फाइलींनी ब्रेक दोन-तीन सेकंदांनी सरकतो. फाइल आल्याबरोबर तिची खरी लांबी तपासावी.

काही निर्णय मात्र यंत्राच्या कक्षेबाहेरचे आहेत. वृत्तवाहिनीत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने मला हे शिकवले. विमान अपघाताची बातमी आली, की पुढच्या ब्रेकमधून विमान कंपन्यांच्या जाहिराती तातडीने काढाव्या लागतात, कारण सॉफ्टवेअरला बातमी कळत नाही. तिच्या पाळीत अशा वेळी कोणाच्या आदेशाची वाट पाहत नाहीत. स्पॉट आधी काढतात आणि मग विक्री विभागाला कळवतात. मला ही पद्धत योग्य वाटते.

प्रक्षेपणानंतर प्लेआउटकडून, म्हणजे प्रत्यक्ष प्रक्षेपण करणाऱ्या विभागाकडून, ॲज-रन लॉग येतो आणि त्यात प्रत्येक स्पॉट कोणत्या सेकंदाला सुरू झाला, पूर्ण गेला की कापला गेला, हे असते. सॉफ्टवेअर तो नियोजनाशी जुळवते, फरक दाखवते, आणि त्यावरून टेलिकास्ट सर्टिफिकेट व बिल तयार होते. जे स्पॉट गेले नाहीत, ते भरपाईसाठी पुन्हा रांगेत जातात.

या कामासाठी वेगळी पदवी लागत नाही. माझ्याबरोबर वाणिज्य शाखेची आणि मास मीडियाची, दोन्हीकडची मुले होती. आकडे न चुकता भरण्याची सवय आणि एक्सेलवरचा हात, एवढे असले की पुरते. पाळ्या असतात, सणाच्या दिवशी सुट्टी मिळेलच असे नाही, हे आधी जाणून यावे. रुजू झाल्यावर पहिला महिनाभर रोज संध्याकाळी आठच्या मालिकेचा एक ब्रेक निवडा, त्यातले स्पॉट कागदावर स्वतः लावा आणि मग बटण दाबून तुलना करा. जिथे तुमचा आणि सॉफ्टवेअरचा ब्रेक जुळणार नाही, तिथे त्या स्पॉटचा आरओ उघडून कोणत्या रकान्यातली नोंद त्याला तिकडे घेऊन गेली, ते शोधा.