कोयत्यावरचे पापुद्रे

गॅसच्या भट्टीतून कोयत्याची पट्टी काढली की ऐरणीवर काळ्या पापुद्र्यांचा सडा पडायचा. आधी मी पोलादालाच नावं ठेवली. खरं तर बर्नरला हवा जास्त होत होती. न जळलेला ऑक्सिजन तापलेल्या लोखंडाला खात होता.

हवेची झडप थोडी थोडी मिटत गेलो. कर्कश फुसकारा मऊ झाला, तोंडाशी दोन-तीन इंच पिवळसर ज्योत डुलू लागली. मागचं भोक विटेने अर्धं झाकलं, तिथूनही वारा शिरत होता! पापुद्रे गेले नाहीत, पण पातळ झाले. पट्टी उगाच आत ठेवणंही सोडलं.

मात्र अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. शेडची दोन्ही दारं सताड उघडी ठेवतो, पावसातसुद्धा.