डेक्सची रोजची उलाढाल एक्सेलमध्ये कशी आणावी

१० मार्च २०२३ रोजी अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली. यूएसडीसी हे डॉलरशी बांधलेलं डिजिटल नाणं काढणाऱ्या सर्कल कंपनीचे ३.३ अब्ज डॉलर त्या बँकेत अडकले होते. दुसऱ्या दिवशी, ११ मार्चला, एका डॉलरचं हे नाणं ९० सेंटच्या खाली गेलं. शनिवार असल्यामुळे बँका बंद होत्या, पण युनिस्वॅपसारखी विकेंद्रित एक्स्चेंजेस, म्हणजे डेक्स, सुरू होती. ज्यांना यूएसडीसीतून बाहेर पडायचं होतं त्यांतल्या अनेकांनी तिकडे धाव घेतली.

त्या दिवशी युनिस्वॅपवर किती उलाढाल झाली आणि ती आदल्या आठवड्याच्या किती पट होती, हे बातमीवर विसंबून न राहता स्वतः काढता येतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि कोडही लिहावा लागत नाही. डेफीलामा नावाची सेवा शंभराहून जास्त डेक्सची रोजची उलाढाल मोजते आणि आपल्या एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला आकडे थेट वाचता येतील अशा पत्त्यावरून, खुली करते. आपण ती एक्सेलमध्ये ओढून घेणार आहोत.

आधी मोजतात काय, ते पाहू. युनिस्वॅपवर खरेदीदार आणि विक्रेता समोरासमोर येत नाहीत. दोन नाण्यांचा एक साठा असतो, त्याला पूल म्हणतात. तुम्ही एक नाणं पूलमध्ये टाकता आणि दुसरं घेऊन जाता. अशा प्रत्येक अदलाबदलीची, म्हणजे स्वॅपची, नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे सामायिक डिजिटल नोंदवहीत, कायमची राहते आणि ती कुणीही वाचू शकतं. पण तिथे डॉलरचा उल्लेख नसतो. १ इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचं नाणं) टाकून २,५०० यूएसडीसी घेतले, तर नोंदीत इथरच्या बाजूला एकावर अठरा शून्यं दिसतात आणि यूएसडीसीच्या बाजूला २५०००००००० हा आकडा, कारण नोंदीत दशांश चिन्ह नसतं आणि इथरचे दशांश, म्हणजे चिन्हानंतरचे अंक, १८, तर यूएसडीसीचे ६. हे दशांश काढून टाकणं, त्या वेळच्या भावाने डॉलरमध्ये किंमत करणं आणि दिवसभराच्या लाखो नोंदींची बेरीज मारणं, हे काम डेफीलामा करते. कोणत्या डेक्ससाठी ते कसं केलं, त्याचा कोडही गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर उघडा आहे. मला ही सेवा विश्वासाची वाटते ती मुख्यतः याच कारणाने.

आता कामाला लागू. एक्सेलमध्ये नवी फाईल उघडा, ‘डेटा’ टॅबवर जा आणि ‘फ्रॉम वेब’ निवडा. चौकटीत हा पत्ता लिहायचा: सुरुवातीला नेहमीचं एचटीटीपीएस, मग एपीआय डॉट लामा डॉट एफआय, तिरकी रेघ, समरी, तिरकी रेघ, डेक्स, तिरकी रेघ, युनिस्वॅप. सगळी अक्षरं रोमन आणि लहान. लामाच्या सुरुवातीला दोन एल येतात आणि डेक्स हे अनेकवचनी आहे: डी-ई-एक्स-एस. हाच पत्ता आधी ब्राउझरमध्ये टाकून बघा. पडदाभर कंस आणि आकडे दिसले, तर पत्ता बरोबर आहे. नोंदणी किंवा गुप्त किल्ली (एपीआय की) लागत नाही, त्यामुळे एक्सेलने ओळख विचारली तर ‘अनॉनिमस’ निवडून पुढे जा.

पॉवर क्वेरी या एक्सेलमधल्याच साधनाची खिडकी उघडेल. त्यात चोवीस तासांची, सात दिवसांची, तीस दिवसांची आणि आजवरची एकूण उलाढाल वेगवेगळ्या ओळींत दिसेल. एवढंच हवं असेल तर इथेच थांबा. रोजचा इतिहास ‘टोटल डेटा चार्ट’ या ओळीत आहे. तिच्यासमोरच्या ‘लिस्ट’ या शब्दावर क्लिक करा, मग वरच्या पट्टीतलं ‘टू टेबल’ दाबा.

बहुतेक जण अडखळतात ते पुढच्या पायरीला. स्तंभाच्या डोक्यावर दोन बाणांचं चिन्ह आहे. ते दाबल्यावर दोन पर्याय येतात. ‘एक्सपांड टू न्यू रोज’ निवडलं, तर तारीख एका ओळीत आणि रक्कम तिच्या खालच्या ओळीत जाते आणि सगळा तक्ता विस्कटतो. आपल्याला हवं आहे ‘एक्स्ट्रॅक्ट व्हॅल्यूज’, आणि विभाजक म्हणून स्वल्पविराम. नंतर ‘स्प्लिट कॉलम’मधून त्याच स्वल्पविरामावर स्तंभ दोन भागांत तोडा आणि ‘क्लोज अँड लोड’ करा.

आता पहिल्या स्तंभात १६७८४९२८०० असे दहा अंकी आकडे दिसतील. ही तारीखच आहे, १ जानेवारी १९७० पासून सरलेल्या सेकंदांत लिहिलेली. रकमेच्या स्तंभाशेजारच्या रिकाम्या स्तंभात सूत्र टाका: =ए२/८६४००+२५५६९, अर्थात रोमन अक्षर आणि इंग्रजी अंक वापरून. दिवसाचे सेकंद ८६४०० आणि १९७० च्या पहिल्या दिवसाचा एक्सेलमधला क्रमांक २५५६९. वरच्या आकड्याचं उत्तर येतं ४४९९६. त्या खान्याला तारखेचं रूप द्या, म्हणजे ११ मार्च २०२३ दिसेल. रकमेच्या स्तंभाचा आलेख काढून त्या तारखेपाशी उंच सुळका आहे का, ते पाहा. तो एखादा दिवस मागे-पुढे दिसला, तर तारखा बदलताना कुठेतरी चूक झाली आहे.

इथे दिवस यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे मोजतात. आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजता तो बदलतो, त्यामुळे शुक्रवारी रात्री बारानंतर भारतात केलेला सौदा इथे शुक्रवारच्याच खात्यात पडतो. आजच्या तारखेची ओळ आलेली असेल तर ती अर्धवट असते. सरासरी काढताना ती वगळा.

एका डेक्सऐवजी सगळ्या डेक्सची यादी हवी असेल, तर पत्त्यात ‘समरी’च्या जागी ‘ओव्हरव्ह्यू’ लिहा आणि शेवटचं युनिस्वॅप काढून टाका. एकाच ब्लॉकचेनपुरतं पाहायचं असेल, तर त्या जागी तिचं नाव लिहा, उदाहरणार्थ इथेरियम.

आकडे हाती आले की खरं काम सुरू होतं. मी पहिल्यांदा कच्च्या नोंदींवरून बेरीज केली, तेव्हा स्वॅपमध्ये गेलेलं नाणं आणि आलेलं नाणं, दोन्हींची किंमत धरली. उलाढाल दुप्पट आली आणि तोच आकडा घेऊन मी आठवडाभर चर्चा केली. स्वॅपची एकच बाजू मोजायची असते. वन-इंच किंवा काऊ स्वॅपसारखे अ‍ॅग्रिगेटर तुमचा सौदा बहुतेकदा दुसऱ्याच डेक्सवर नेऊन पुरा करतात. त्यांची उलाढाल डेक्सच्या बेरजेत मिसळली, तर एकच सौदा दोनदा मोजला जातो. पर्पेच्युअल, म्हणजे उसन्या बळावरच्या सौद्यांचे आकडेही वेगळेच ठेवा. तिथे थोड्या तारणावर मोठा सौदा होतो.

बनावट उलाढालीचं काय? एखाद्या पूलमधलं सगळं भांडवल एकाच माणसाचं असेल, तर तो स्वतःशीच स्वॅप करत राहू शकतो. युनिस्वॅपच्या दुसऱ्या आवृत्तीतलं ०.३ टक्के शुल्क बहुतांशी पूलमध्ये पैसे ठेवणाऱ्यांना मिळतं, म्हणजे इथे ते बरंचसं त्याच्याच खिशात परत येतं. स्वस्त ब्लॉकचेनवर नेटवर्कचा खर्चही नगण्य असतो. अनोळखी नाण्याची उलाढाल पाहताना मी पूलमधली ठेव शेजारी मांडतो. काही हजार डॉलरच्या पूलमधून रोज लाखोंची उलाढाल दिसली, तर तो आकडा मी वापरत नाही.

पडताळणीसाठी ड्यून ही दुसरी जागा आहे. तिथे मोफत खातं उघडून एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत प्रश्न विचारता येतो. ‘डेक्स डॉट ट्रेड्स’ या तक्त्यात प्रत्येक स्वॅपची एक ओळ असते आणि तिची डॉलरमधली किंमत वेगळ्या स्तंभात असते. एका दिवसाची युनिस्वॅपची बेरीज काढून आपल्या तक्त्याशी ताडून पाहा. थोडा फरक राहणारच, कारण दोघांचे भाव आणि मोजलेल्या ब्लॉकचेन वेगळ्या असू शकतात. फरक मोठा निघाला, तर आधी ब्लॉकचेनची यादी जुळवा. बहुतेक वेळा गडबड तिथेच सापडते.

रोज ताजे आकडे हवे असतील तर ‘रिफ्रेश ऑल’ दाबलं की पुरे. दिवसातून एकदा मागवले तरी भागतं. फुकट सेवेवर उगाच भार टाकू नका. जुने आकडेही नंतर दुरुस्त होतात, म्हणून कुणाला तक्ता दाखवण्याआधी त्याची प्रत वेगळी ठेवा आणि फाईलच्या नावात तो ओढल्याची तारीख लिहा.