घरात मॉन्स्टेरा कसा वाढवावा

मोठ्या, काप असलेल्या पानांचा मॉन्स्टेरा हा अळू, सुरण आणि मनीप्लांट यांच्याच कुळातला. मूळचा दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातल्या दमट जंगलांतला. तिथे तो मोठ्या झाडांची खोडं धरून वर चढतो. म्हणजे तो वेल आहे. घरात त्याचं जे बिनसतं, ते बहुतेकदा त्याला झुडूप समजून वाढवल्यामुळे. नर्सरीतून आणताना आटोपशीर दिसणारं रोप काही वर्षांत आडवं पसरून खोली अडवतं, त्यामुळे आधाराचा विचार पहिल्याच कुंडीपासून करा.

१. जागा
पूर्वेच्या खिडकीजवळची जागा उत्तम. सकाळचं कोवळं ऊन चालतं. पश्चिमेची किंवा दक्षिणेची खिडकी असेल तर कुंडी तीन-चार फूट आत ठेवा किंवा पातळ पडदा लावा. दुपारच्या कडक उन्हाने पडलेले तपकिरी चट्टे पुन्हा हिरवे होत नाहीत. अंधाऱ्या कोपऱ्यात रोप तग धरतं, पण देठ लांबतात आणि पानं लहान, बिनकापांची येतात. कोवळ्या रोपाची पानं मात्र अखंडच असतात. एकदा उलगडलेल्या पानाला नंतर काप पडत नाहीत. ते नव्या पानांतच दिसतील.

२. माती
नुसती बागेतली माती घट्ट बसते आणि मुळं गुदमरतात. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे असं मिश्रण करा. सोडणं रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या, त्यातला क्षार निघून जातो. कुंडी भोकाची आणि जड हवी, नाहीतर वेल वाढल्यावर कलंडते.

३. आधार
काथ्या गुंडाळलेला खांब नर्सरीत मिळतो. तो लावण्याआधी खोड नीट निरखून पाहा. पानं एका बाजूला झुकलेली असतात आणि पेरातून फुटलेली जाडसर तपकिरी मुळं दुसऱ्या बाजूला. खांब या मुळांच्या बाजूला, कुंडीच्या तळापर्यंत रोवायचा. उलट लावला तर पानं उजेडाकडे वळायला धडपडतात आणि खोड पिळवटतं. सुतळीने सैल बांधा, तेही फक्त खोड. पानांचे देठ मोकळेच राहू द्या, कारण पान देठावरच उजेडाकडे वळतं. काथ्यावर रोज पाणी शिंपडत राहिलात तर मुळं त्यात शिरतात. वेलाला खरी पकड मिळाली की पुढची पानं मोठी येऊ लागतात. या एका कामात आळस करू नका.

४. पाणी
वार ठरवून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच खालून पाणी वाहीपर्यंत घाला आणि बशीत साचलेलं ओतून टाका. पावसाळ्यात माती आठवडाभरही ओली राहू शकते आणि मुळं कुजण्याचा धोका तेव्हाच जास्त. खालचं एखादं जुनं पान पिवळं पडणं स्वाभाविक आहे. चार-पाच एकदम पिवळी पडली तर रोप बाहेर काढून मुळं बघा: काळी, मऊ, वास येणारी मुळं कापून टाका आणि कोरड्या मिश्रणात पुन्हा लावा. सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचे थेंब दिसले तर घाबरू नका, तो रोग नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कुंडी कूलरच्या थेट झोतात ठेवू नका.

५. निगा
पानं ओल्या फडक्याने पुसत राहा. पुसताना देठाच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण (ही एक कीड) दिसला तर बोळ्याने काढा आणि लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल व साबणाचे थोडे थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. नवं पान सुरळीसारखं येतं. ते हाताने उलगडायला जाऊ नका, फाटतं. दोनेक वर्षांनी कुंडी दोन इंचांनी मोठी करा, तीही थंडी सरल्यावर.

नवं रोप करायचं तर मूळ फुटलेल्या पेराच्या खाली कापा आणि फांदी पाण्यात ठेवा. नुसतं पान देठासकट ठेवलं तर ते बरेच दिवस हिरवं राहील, पण वेल फुटणार नाही. कापताना हातमोजे घाला. कच्चा अळू ज्या स्फटिकांमुळे खाजतो, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक याच्या चिकातही असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, तोंड सुजतं. म्हणून रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रं घरात असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा.