चट्टे जातच नाहीयेत? लिंफोमा की एक्झिमा हे ठरवायला स्किन बायोप्सी नीट कशी करून घ्यायची

क्रीम लावलं की चट्टे कमी, बंद केलं की परत तिथेच, असं महिनोन्‌महिने चाललं की डॉक्टर बायोप्सी सांगतात आणि लिंफोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) शब्द कानावर पडला की घरातल्यांची झोप उडते. घाबरू नका, बहुतेक वेळा एक्झिमा, सोरायसिस असंच काहीतरी निघतं. पण मायकोसिस फंगॉइडिस नावाचा त्वचेचा टी-सेल (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) लिंफोमा सुरुवातीला अगदी एक्झिमासारखा दिसतो, आणि निदान व्हायला कित्येकदा वर्षं जातात. मी पॅथॉलॉजीत आहे, रोज स्लाइड बघते, आणि खरं सांगायचं तर स्लाइडवर काय दिसणार हे बरंचसं तुकडा काढायच्या आधीच ठरलेलं असतं.

पहिलं म्हणजे स्टिरॉइड क्रीम. डॉक्टरांना विचारून ते बायोप्सीआधी २ ते ४ आठवडे बंद ठेवायचं, कारण स्टिरॉइडने लिम्फोसाइट पेशी कमी होतात आणि मग आम्हाला अर्धवटच चित्र दिसतं. पोटातली औषधं मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. आणि चट्ट्यांचे फोटो काढून ठेवा, उजेडात.

जागा कुठली घ्यायची, तर जुना, जरा जाडसर, क्रीम न लागलेला चट्टा, ताजा खाजवलेला नको. कंबर, नितंब, मांड्या अशा कपड्याखालच्या जागा जास्त महत्त्वाच्या. सावळ्या त्वचेवर हा आजार फिकट पांढरट डागांसारखाही येतो त्यामुळे ते डाग डॉक्टरांना दाखवायचे राहू देऊ नका. वेगवेगळे दिसणारे चट्टे असतील तर एकापेक्षा जास्त तुकडे घ्यायला सांगा, हे मी आग्रहाने सांगते, एका तुकड्यावर निकाल लावणं कधीकधी शक्यच नसतं. पंच (गोल पात्याने काढलेला तुकडा) किमान ४ मिमीचा, ६ चा असेल तर बरंच. चपट्या पातळ चट्ट्याला रुंद शेव्ह (वरवरचा पातळ काप) पण चालते, गाठ असेल तर खोल तुकडाच हवा. जागा बधिर करूनच करतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

आता तुकड्यासोबत लॅबला येणारा फॉर्म. त्यावर नुसतं 'रॅश' लिहून आलं की आमचे हात बांधले जातात. किती दिवसांपासून, कुठे कुठे, काय उपचार झाले, कुठली औषधं चालू आहेत हे सगळं लिहायला लावा, कारण फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारख्या फिटच्या औषधांनी सुद्धा स्लाइडवर लिंफोमासारखं दिसू शकतं.

आम्ही बघतो काय? एक्झिमात वरच्या थरात पेशींच्या मधे पाणी साठतं आणि त्याच्यासोबत लिम्फोसाइट वर येतात. लिंफोमात पाणी फारसं नसतं तरी लिम्फोसाइट वर चढलेले, सगळ्यात खालच्या थराला एकेक करून रांगेत लागलेले, प्रत्येकाभोवती पांढरी रिकामी कड, आणि केंद्रक गडद, सुरकुतलेलं. पुस्तकातले प्रसिद्ध पॉट्रिए पुंजके (वरच्या थरात गोळा झालेले लिम्फोसाइट) सुरुवातीच्या आजारात बऱ्याचदा नसतातच, म्हणून ते नाहीत म्हणजे लिंफोमा नाही असं होत नाही. मग सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी७ असे स्टेन लावतो, म्हणजे लिम्फोसाइटवरची ही ओळखीची प्रथिनं आहेत की नाहीत ते रंगाने बघतो. सीडी७ कमी होणं साध्या दाहातही होतं, त्या एकट्यावर विसंबत नाही. सीडी२ किंवा सीडी५ गेलं तर मात्र कान टवकारतात. टी-सेल रिसेप्टरची जीन टेस्ट पण अशीच, लायकेन प्लॅनस या कॅन्सर नसलेल्या त्वचारोगातही कधी एकच क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला गट) सापडतो, पण दोन वेगळ्या जागांच्या तुकड्यांत अगदी तोच क्लोन आला तर तो भक्कम पुरावा.

रिपोर्टमध्ये 'अॅटिपिकल लिम्फॉइड इन्फिल्ट्रेट (नेहमीपेक्षा वेगळे दिसणारे लिम्फोसाइट), क्लिनिकल कोरिलेशन हवं' असं लिहून आलं तर टाळाटाळ केली असं समजू नका. याचा अर्थ स्लाइड एकटी उत्तर देत नाहीये, त्वचारोगतज्ज्ञाने चट्टे परत बघून दोन्ही जुळवायचेत. आणि साधा दाह असा रिपोर्ट आला तरी चट्टे तसेच राहिले किंवा रूप बदललं तर काही महिन्यांनी पुन्हा बायोप्सी करा, यात काही वावगं नाही. लॅबमधला पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुमचा तुकडा) आणि स्लाइड मागता येतात, डर्मॅटोपॅथॉलॉजिस्टचं (त्वचेच्या स्लाइडच्या तज्ज्ञाचं) दुसरं मत घ्यायचं तर नुसता रिपोर्टचा कागद पाठवून उपयोग नाही, स्लाइड किंवा ब्लॉक लागतो. मधल्या काळात गाठ आली, जखम झाली, अंगभर लाली पसरली किंवा काखेत-जांघेत गाठी लागल्या तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा.